पाटल्या माझ्या, पुस्तक कुणाचं?

(संघटनेच्या वार्षिक मेळाव्यात ‘मी केलेली एक गोष्ट’ या सत्रात केलेलं भाषण. बोलीचा ओघ तसाच ठेवून थोडं संपादित केलं आहे.)



मला भाषणाची सवय नाही. मी शिवणकाम करते. ताईंनी सांगितलं की तू गाडी दुरुस्त केलीस त्याबद्दल बोल. मी म्हटलं, गाडी काय, लोक रोजच दुरुस्त करतात. त्या म्हणाल्या, बायका करतात का? म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या गोठ्यात एक येझदी उभी होती. २५० सीसीची, दोन सायलेन्सरची, १९८५ सालची. तुमच्यापैकी वयाने मोठ्या असलेल्यांना तिचा आवाज आठवत असेल. म्हैसूरला कारखाना होता. आधी जावा निघायची, मग तिचंच येझदी नाव झालं. १९९६ साली तो कारखाना बंद पडला आणि त्याच वर्षी आम्ही ही गाडी जुनी म्हणून घेतली, ९ हजार रुपयांना. त्या वेळी घरात ९ हजार नव्हते. माझ्या आईने लग्नात घातलेल्या दोन पाटल्या होत्या. त्या गहाण टाकल्या, पुढे सुटल्या नाहीत. गाडीचं पुस्तक ह्यांच्या नावावर झालं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. गाडी पुरुषाच्या नावावरच असते, असंच तेव्हा मला वाटायचं.

एकवीस वर्षं मी त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसले. एका बाजूला पाय सोडून, एका हाताने सीटचा पट्टा धरून. माणूस वाईट नव्हता. पण मी कधी पाना उचलून दिला तर म्हणायचे, ‘ठेव, हात काळे होतील.’ मी ठेवायची. २०१८ साली हे गेले. गाडी त्याआधी आजारपणातच गोठ्यात गेली होती. तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या आल्या, कोंबड्या बसायला लागल्या.

२०२३ च्या पावसाळ्याआधी गोठ्याचे पत्रे बदलायचे होते. भाऊजी, म्हणजे माझे दीर, म्हणाले, ‘वहिनी, ते धूड भंगारात घालू. तीन हजार तरी येतील.’ मी हो म्हणणार होते. पण पेंढ्या उचलताना टाकीवरचा हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला रंग दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘राहू द्या, मी बघते.’ काय बघणार, ते माझं मलाही माहीत नव्हतं.

मग मी विचार केला, मला काय येतं? माझं पायाचं शिलाई मशीन मी गेली तीस वर्षं स्वतः उघडते. शटल काढते, तेल घालते, सुई आणि शटल यांची वेळ चुकली की टाका सुटतो, ती वेळ जुळवते. स्टोव्हची पिन, कुकरचा व्हॉल्व्ह, मिक्सरचा कपलर, हे सगळं आपण करतो. त्याला घरकाम म्हणतात, दुरुस्ती म्हणत नाहीत. तेव्हा ठरवलं, आधी उघडून तरी बघू.

पहिलं काम साफसफाईचं. डिझेल, जुना दात घासायचा ब्रश, तारेचा ब्रश आणि चिंध्या. चिंध्यांना शिंपिणीच्या घरी तोटा नाही. पान्यांचा संच भाऊजींकडे होता, पण मागितला नाही. बाजारातून १,२०० रुपयांना नवा घेतला. मुलगी कॉलेजात आहे, ती मोबाइलवर प्रत्येक भागाचा सुटा करण्याआधी फोटो काढायची. मी वहीत लिहायची. नटबोल्ट ठेवायला जुना मिसळणाचा डबा घेतला. हळदीच्या वाटीत कार्बोरेटरचे स्क्रू, मोहरीच्या वाटीत साइड कव्हरचे, आणि प्रत्येक वाटीत चिठ्ठी. चिठ्ठ्या नसत्या तर गाडी परत कधीच जोडली गेली नसती.

इंजिन जाम होतं. किक दाबली तर दगडावर पाय दिल्यासारखं. या गाडीला किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच असतो. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. शेजारची पोरं किक शोधत बसली. मला माहीत होतं, कारण मागे बसून एकवीस वर्षं ह्यांचा पाय बघितला होता. प्लग काढला, त्या भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडलं आणि चार दिवस हात लावला नाही. पाचव्या दिवशी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवलं. जोर करायचा नाही, नाहीतर रिंगा तुटतात. दोन दिवस रोज अर्धा तास हलवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कट्ट असा आवाज आला आणि चाक फिरलं. मुलगी इतकी ओरडली की आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, माळ हातात घेऊन बाहेर आल्या.

टाकीत आतून गंज होता. लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून टाकी भरून रात्रभर ठेवली, त्याआधी मूठभर जुने नट टाकून खूप हलवली. लाल पाणी निघालं. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, उन्हात खडखडीत वाळवली आणि लगेच ऑइल घातलेलं पेट्रोल आत फिरवलं, नाहीतर दोन दिवसांत परत गंज धरतो. एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या टाकीत पेट्रोलची वाफ राहते. हे काम उघड्यावर करायचं, जवळ चूल, बिडी, काही नको.

सायलेन्सर काजळीने भरले होते. आतले बॅफल काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवले. हातमोजे हवेतच, आणि त्यात पिस्टनसारखी ॲल्युमिनियमची वस्तू चुकूनही टाकू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो.

इथपर्यंत घरात झालं. पुढचं माझ्याच्याने होणार नव्हतं. सिलिंडरला ओरखडे होते, बोअर करायला लेथ लागते. ही टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँकच्या पेटीतूनच वर जातं. तिथले सील गेले की बाहेरची हवा आत ओढली जाते, मग गाडी नीट चालतच नाही. ते बदलायला इंजिन पूर्ण फोडावं लागतं. गडहिंग्लजला जुन्या गाड्यांचं काम करणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडे इंजिन पोत्यात घालून रिक्षातून नेलं. सोबत दिराचा मुलगा होता, आठवीतला, गंमत म्हणून आलेला. मी विचारलं, ‘चाचा, क्रँकच्या बेअरिंगा वाजतात का?’ चाचांनी उत्तर दिलं त्या पोराला. मी दुसरा प्रश्न विचारला, उत्तर पुन्हा पोराला. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी तेव्हा काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन एकटीच गेले. पॉइंटचा गॅप मी ०.४ मिलिमीटर धरला आहे, बरोबर आहे का, असं विचारलं. चाचांनी चष्मा वर केला, वही हातात घेतली आणि पानं उलटली. मग म्हणाले, ‘बसा ताई, क्रँक उघडतो, तुमच्यासमोर.’ तिथून पुढे त्यांनी मला जे शिकवलं ते कुणी शाळेत शिकवलं नसतं. बोअरिंगला सिलिंडर कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवला. काही सुटे भाग बेळगावच्या एका जुन्या दुकानात मिळाले.

आता पैशांचं सांगते, कारण नुसतं ‘जिद्दीने केलं’ म्हणून भागत नाही. वहीतला हिशेब असा. बोअरिंग, पिस्टन आणि रिंगा ३,२००. क्रँकच्या बेअरिंगा, सील, रॉड किट आणि चाचांची मजुरी ४,६००. दोन टायर, ट्यूबसकट ४,१००. ब्रेक लायनर, केबली आणि चेन २,७००. वायरिंग, ६ व्होल्टची बॅटरी, पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग मिळून २,९००. कार्बोरेटरचं किट आणि टाकीचा नळ ६५०. रंग, पॉलिश पेपर आणि साफसफाईचं सामान १,१५०. सीटसाठी रेक्झीन ३००, शिवलं मीच. एकूण १९,६००. पान्यांचा संच यात धरलेला नाही. तो गाडीचा खर्च नाही, तो माझ्याकडे राहणार आहे.

कुठे वाचवलं, तर दिसण्यात. क्रोम नव्याने करून घेतलं नाही, गंज घासून मेण लावलं. रंग फक्त जिथे पत्रा उघडा पडला तिथे मारला. ब्रेक, टायर आणि इंजिनच्या आतल्या वस्तूंत एक रुपया वाचवला नाही. लोक उलटं करतात, आधी टाकी रंगवतात, मग इंजिनाला पैसे उरत नाहीत आणि चकचकीत गाडी गोठ्यात उभी राहते.

यातले १० हजार आपल्या बचतगटाचं कर्ज होतं. ते मागितलं तेव्हा बैठकीत पाऊण तास चर्चा झाली. ‘गाडी कशाला हवी?’, ‘मुलगा का करत नाही?’ त्याच बैठकीत एकीला नवऱ्याच्या ट्रॅक्टरच्या टायरसाठी १५ हजार दोन मिनिटांत मंजूर झाले होते. मी कुणाला दोष देत नाही, त्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं. पण आपलं आपल्याला दिसलं पाहिजे म्हणून सांगितलं.

जानेवारी २०२४ मध्ये गाडी सुरू झाली. पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली ऑइल, पाचवी किक, पांढरा धूर आणि तो आवाज. गल्ली गोळा झाली.

आणि मग खरी गोष्ट सुरू झाली.

चालू येझदीला आता हौशी लोक चांगली किंमत देतात, हे मला माहीत नव्हतं, भाऊजींना कळलं. महिन्याभरात ते एका गिऱ्हाइकाला घेऊन आले. ४५ हजारांत सौदा ठरवला होता आणि ५ हजार इसार घेऊनही झाला होता. मला म्हणाले, ‘वहिनी, तुमचा खर्च काढून देतो. भावाची गाडी आहे, घरातलं मीच बघायला पाहिजे.’ भंगार होती तोवर ती धूड होती. चालू झाल्यावर ती भावाची झाली.

मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. कारण पुस्तकात खरोखरच माझं नाव नव्हतं. १९,६०० रुपये आणि आठ महिने मी अशा वस्तूत घातले होते जी कागदावर माझी नव्हती. ही माझी चूक. तुम्ही करू नका. जुनी गाडी हातात घेण्याआधी पुस्तक काढा, चासी नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी ताडून बघा, नाव कुणाचं आणि नोंदणी कधीपर्यंत आहे ते वाचा. पाना त्यानंतर.

मी आपल्या केंद्रात आले. वकीलताईंनी सांगितलं ते सोपं करून सांगते. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची स्वतःची मालमत्ता आधी पहिल्या वर्गाच्या वारसांना जाते. त्यांत पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात आणि त्यांचे वाटे सारखे असतात. भाऊ दुसऱ्या वर्गात येतो. पहिल्या वर्गातलं कुणी हयात असेल, तर भावाला काही मिळत नाही. म्हणजे आमच्या गाडीचे वारस चार: मी, मुलगा, मुलगी आणि आत्ती. भाऊजी त्यांत नाहीतच. इतर धर्मांच्या बहिणींना वेगळे कायदे लागू होतात, त्यांनी केंद्रात विचारून घ्यावं.

हे कळल्यावर मी खूश झाले. मग वकीलताई म्हणाल्या, ‘पण तुझ्या सासूचा हक्क तुझ्याइतकाच आहे. त्यांची संमती लागेल.’ मी गप्प झाले. आत्ती भाऊजींच्या घरी जेवतात. मुलगा-मुलगी सही देतील, पण आत्ती पोटच्या मुलाविरुद्ध सही कशी देणार?

दोन दिवस मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गोठ्याजवळ बसल्या होत्या, तेव्हा कागद पुढे ठेवला. म्हटलं, ‘आत्ती, गाडी माझ्या नावावर करायची आहे. तुमचाही वाटा आहे. तुम्हाला नको असेल तर नाही करत.’ त्यांनी कागद वाचला नाही, त्यांना वाचता येत नाही. मुलीने वाचून दाखवला, पूर्ण, मीच तसं सांगितलं होतं. मग आत्ती म्हणाल्या, ‘ही गाडी आली त्या दिवशी तू ओवाळायला आलीस तेव्हा तुझे हात मोकळे होते. मी बघितलं होतं. तेव्हा बोलले नाही.’ आणि अंगठा दिला.

संध्याकाळी त्यांनी भाऊजींना इसार परत करायला सांगितलं. भाऊजी चिडले, महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. अजूनही पूर्वीसारखं नाही. ते मी लपवणार नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. मालक वारला की वारसाने तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नावावर करून घेण्याचा अर्ज द्यायचा असतो. तो ३१ नंबरचा फॉर्म. मी सहा वर्षांनी गेले. शिवाय १५ वर्षांपुढच्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, तो २५ नंबरचा फॉर्म, आणि गाडी तपासणीत पास व्हावी लागते. आमची मुदत २०२० मध्येच संपली होती. दंड, पर्यावरण कर, विमा, प्रतिज्ञापत्रं आणि हेलपाटे धरून कागदांवर ११ हजारांच्या वर गेले. दुरुस्तीच्या निम्म्याहून जास्त. वेळेवर केलं असतं तर यातला बराच पैसा वाचला असता. नवरा गेल्यावर बाईला तेराव्यापर्यंत काय काय करायचं ते सगळे सांगतात. तीस दिवसांत काय करायचं ते कुणी सांगत नाही.

कुणी म्हणेल, या पैशांत चांगली वापरलेली स्कूटी आली असती. आली असती. येझदी लिटरला तीसच्या आसपास जाते, ऑइल वेगळं. धूर करते, म्हणून पीयूसीला जाण्याआधी कार्बोरेटर नीट लावावा लागतो. पैसे वाचवायला कुणी जुनी गाडी करू नये. पण स्कूटी घेतली असती तर बिघडल्यावर मी परत कुणाच्या तरी दारात उभी राहिले असते. आता माझ्याकडे बायका मिक्सर घेऊन येतात, मोपेडचा प्लग साफ करून मागतात, आणि मी तो करून देत नाही, त्यांच्याकडून करून घेते.

१९९० च्या सुमारास उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या होत्या. पाणी भरायला बाईच जायची, पण पंप बंद पडला की पुरुष मेकॅनिकची वाट बघायची. मला वाटतं, आपल्या घरातल्या किती तरी वस्तूंचं तसंच आहे. वापरतो आपण, पण उघडता येत नाही. आणि काहींना पैसे आपले असतात, पण नाव नसतं. मला दोन्ही एकाच गाडीत सापडलं. नुसता पाना हातात आला असता आणि कागद राहिला असता, तर गाडी ४५ हजारांना गेली असती. नुसता कागद असता, तर ती तीन हजारांना भंगारात गेली असती.

माझं लायसन्स पूर्वी विनागिअर गाडीचं होतं. आता गिअरचं काढलं. शिवलेले कपडे घेऊन मी शुक्रवारी गडहिंग्लजला जाते. मागे मुलगी बसते, दोन्ही बाजूंना पाय टाकून. परत येताना ती चालवते.

शेवटी दोन गोष्टी. घरी गेल्यावर कपाटातून गाडीचं पुस्तक काढा आणि नाव वाचा. घराचा उतारा आणि शेताचा सातबाराही वाचा. भांडायला नाही, आधी माहीत असावं म्हणून. आणि पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता केंद्राच्या अंगणात मी पान्यांचा संच घेऊन येणार आहे. प्लग काढणं, साफ करणं, चेन ताणणं आणि पंक्चर, एवढं शिकवीन. जुने कपडे घालून या. हात काळे होतात, पण कपडे धुवायच्या साबणाने निघतात.